वल्ह्याचं लाकूड कुणाचं?

पन्हाळगड समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून अधिक उंच आहे. तटावर उभं राहिलं की खाली कासारीचं खोरं दिसतं, पुढे डोंगरांच्या रांगा लागतात; समुद्र मात्र कुठेच दिसत नाही. तरीही नावांच्या लाकडाविषयी मराठीत जे काही लिहिलं गेलं आहे, त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा विचार मांडणाऱ्या माणसाची समाधी याच गडावर आहे. हा माणूस म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. त्यांच्यापर्यंत आपण पोचणारच आहोत. पण सुरुवात वल्ह्यापासून करू या.

चांगलं वल्हं कसं निवडावं? हा प्रश्न आज कोलाडला कुंडलिका नदीच्या खळाळत्या पाण्यात कयाक घालणारी तरुण मुलं विचारतात, आणि हजारो वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाकडचे इन्यूइट लोकही तो विचारत होते. कयाक ही मूळ त्यांचीच होडी: अरुंद, हलकी, वरून कातडं ताणलेली. तिचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं. एकाच बाजूने पाणी मारलं तर होडी दुसऱ्या बाजूला वळते, म्हणून उजवी-डावीकडे आळीपाळीने मारायचं. आपल्याकडे पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाची काहील नाव म्हणून पाण्यात उतरवत असत. त्या काहिलीत बसलेल्या माणसाला हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नव्हतं. गोल काहील जरा चुकीचा हात बसला, की भोवऱ्यासारखी फिरायची.

वल्हं निवडताना पहिली कसोटी असते माणसाच्या अंगाची. ग्रीनलंडमध्ये वल्ह्याचं माप फूटपट्टीने घेत नसत. दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी आणि त्यात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर मिळवलं की झालं माप. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर एक वाव आणि एक हात. दुसरी कसोटी पाण्याची. संथ, मोकळ्या पाण्यात दूरवर जायचं तर आज साधारण २१० ते २४० सेंटिमीटर लांबीचं वल्हं घेतात. खडकांमधून उसळणाऱ्या पाण्यात मात्र ते २०० सेंटिमीटरच्या आसपासचं, आखूड लागतं. कारण तिथे क्षणाक्षणाला हात बदलावा लागतो. नवशिक्याला वाटतं, पातं जितकं मोठं तितका जोर जास्त. पण तो जोर शेवटी खांद्यातूनच यायचा असतो, आणि खांदे लवकर भरून येतात.

तिसरी कसोटी लाकडाची. ते सरळ रेषेचं, बिनगाठीचं, हलकं हवं. लवावं पण मोडू नये. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर असं लाकूड देणारी झाडंच नव्हती. तिथले लोक समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांतून वल्ही तासत. त्यांना लाकूड कुणाकडून मागावं लागलं नाही, हिसकावूनही घ्यावं लागलं नाही. आपल्याकडे झाडं होती. आणि म्हणूनच आपल्याकडे चौथा प्रश्न उभा राहिला: हे झाड कुणाचं?

मराठ्यांच्या आरमारात वल्ह्याला फार महत्त्व होतं. आंग्र्यांच्या काळातल्या गलबतांचं वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलं आहे. एकेका गलबताला ४० ते ५० मजबूत वल्ही असत आणि ताशी चार मैलांचा वेग त्यांना गाठता येई. वारा पडला की मोठमोठी शिडाची जहाजं जागच्या जागी खिळून राहत. अशा वेळी वल्हेकऱ्यांची गलबतं त्यांच्याभोवती हवी तशी फिरत. आता एका गलबताची ५० वल्ही आणि अशी कितीतरी गलबतं, म्हणजे किती लांब, सरळ लाकूड लागत असेल याचा विचार करा. त्याशिवाय फळ्या आणि डोलकाठ्या वेगळ्याच.

आता १७१५च्या सुमाराचा पन्हाळा डोळ्यांसमोर आणा. स्वराज्याच्या दोन गाद्या झालेल्या, एक साताऱ्याची आणि एक कोल्हापूरची. पन्हाळ्यावर १७१४ मध्ये ताराबाईंना बाजूला सारून राजसबाईंचे पुत्र संभाजीराजे गादीवर बसलेले. सिंधुदुर्ग आणि मालवणचा किनारा कोल्हापूरकडे होता. पण आरमाराचा खरा धनी कान्होजी आंग्रे याच सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांकडे गेला होता. म्हणजे नवी जहाजं बांधण्याची निकड कुणाला असेल, तर ती कोल्हापूरला होती. अशा वेळी रामचंद्रपंतांनी तरुण राजासाठी राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला. आपण त्याला ‘आज्ञापत्र’ म्हणतो.

पंत काही एका जागी बसून पुस्तकी उपदेश करणारे नव्हते. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी ते अष्टप्रधानांत होते. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा ‘हुकूमतपनाह’ म्हणून इकडचा सगळा कारभार त्यांनी सांभाळला. लढाईला काय काय लागतं हे त्यांना नीट ठाऊक होतं. म्हणूनच आरमाराच्या प्रकरणात त्यांनी लिहिलेल्या गोष्टीने मी थबकतो. फळ्या, सोट, डोलकाठ्या यांसाठी थोर लाकूड लागतं हे ते आधी मान्य करतात. रानातला साग वगैरे हुजुराची परवानगी घेऊन तोडावा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा आणि फणसही जहाजाच्या कामाचे आहेत, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या मुलांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झालेलं झाड असेल, तरी धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानेच न्यावं. जबरदस्ती करू नये.

हा मजकूर आज अनेकदा शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरवला जातो. महाराजांचं धोरण पंतांनी जवळून पाहिलं होतं आणि त्याचा ठसा या ग्रंथावर आहे, हे खरं. पण शब्द अमात्यांच्या ग्रंथातले आहेत. ते त्यांच्या नावावर राहू द्यावेत. राज्य दुभंगलेलं, आरमार हातचं गेलेलं, अशा अडचणीच्या काळात लिहिलेले आहेत म्हणून तर त्यांचं वजन अधिक.

ही केवळ वृक्षप्रेमाची गोष्ट नाही. त्याच ग्रंथात पंत सांगतात, की गडावर आंबे, फणस, चिंच, वड, पिंपळ लावावेत, राखावेत; वेळप्रसंगी त्यांचं लाकूड कामाला येईल. म्हणजे सरकारने लावलेलं झाड सरकारने गरजेला वापरावं. रयतेने वाढवलेलं झाड मात्र रयतेचं. गरज कितीही मोठी असली, तरी ती मालकी पुसून टाकत नाही.

आता पुन्हा कोलाडकडे वळू. तिथली आजची वल्ही फायबरची, प्लॅस्टिकची, अॅल्युमिनियमच्या दांड्याची असतात. त्यासाठी कुणाचा आंबा पडत नाही. पण पाणी? सकाळी भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, तेव्हा कुंडलिका उसळू लागते. ते वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं आणि त्याला पाणी मिळालं ते घाटावरच्या मुळशी धरणाचं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते त्या लढ्यात. शेतकऱ्यांना राजी केलं गेलं नव्हतं. त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्याच.

म्हणून वल्हं निवडणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगेन: आपल्या अंगाचं माप घ्या, पाणी पाहा, दांडा हातात धरून पाहा. आणि होडी पाण्यात लोटण्यापूर्वी हे पाणी कुठून आलं, ते कुणाच्या शेतावरून आलं, हेही एकदा तिथल्या जाणत्या माणसाला विचारा. पन्हाळ्यावर गेलात तर अमात्यांच्या समाधीपाशीही थोडा वेळ थांबा. ३०० वर्षांपूर्वी, राज्याला लाकडाची निकड असताना, या माणसाने आधी झाडाच्या धन्याला विचारायला सांगितलं होतं.