फुप्फुस आधी, जमीन नंतर

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर बसक्या शंकूच्या आकाराचे लहान शंख घट्ट चिकटून बसलेले दिसतात. त्यांना सरसकट लिंपेट म्हणतात. पण त्यांत दोन निराळी कुळे मिसळलेली आहेत. खरे लिंपेट कल्ल्यांवर जगतात, तर सायफोनेरिया फुप्फुसासारख्या पोकळीतून हवाही घेतो. फरक शंखावरच कोरलेला आहे. सायफोनेरियाच्या उजव्या कडेला शंख किंचित फुगीर असतो आणि आतून तिथे पन्हळ असते. हवेची वाट तीच. स्नायूचा नालाच्या आकाराचा वणही खऱ्या लिंपेटमध्ये डोक्याकडे उघडा असतो, सायफोनेरियात उजवीकडे. म्हणजे आकार सारखा असला तरी तो वारशाने आलेला नाही. लाटांच्या माऱ्याने दोघांना एकाच साच्यात घातले. सॉवरबीने 1823 मध्ये सायफोनेरिया या प्रजातीला नाव दिले. तिच्या एका जातीला मेलव्हिलने 1893 मध्ये मुंबईच्या शंखांचे वर्णन करताना वसईच्या इंग्रजी नावावरून ‘बासीनेन्सिस’ म्हटले.

मग समुद्रातल्या प्राण्याला फुप्फुस आले कुठून? सोपे उत्तर असे की, देवमाशाप्रमाणे याचेही पूर्वज जमिनीवरून समुद्रात परतले असावेत. सायफोनेरियाच्या पोकळीत असलेला कल्ला नंतर नव्याने उगवलेला आहे, असे मानणारे अभ्यासक या उत्तराला बळ देतात. पण कल्ला नवा ठरला, तरी त्यातून एवढेच सिद्ध होते की मूळचा कधीतरी गेला. तो जमिनीवरच गेला असे नव्हे. उलट, बहुतेक जातींच्या अंड्यांच्या जेलीसारख्या फितीतून पाण्यात पोहणारी अळी बाहेर पडते. जमिनीवरच्या गोगलगायींमध्ये हा टप्पा उरलेला नाही, आणि एकदा गमावलेली अळी पुन्हा मिळवणे हे टिकवून ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड. काही जातींत थेट रांगणारी पिल्ले निघतात हे खरे, पण ती त्या जातींची स्वतंत्र वाटचाल मानता येते. 2010 मध्ये यॉर्गर आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून मांडलेल्या वंशवृक्षातही सायफोनेरिया फुप्फुसधारी गोगलगायींच्या विस्तृत गटात बुंध्याजवळच्या फांदीवर येतो, जमिनीवरच्या शाखांच्या आत नाही.

म्हणून या कुळाचे मूळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच शोधायला हवे. दिवसातून दोनदा पाणी जिथे सोडून जाते, तिथे हवेत तग धरणे ही रोजची निकड असते. त्यासाठी जमिनीवर जाऊन येण्याची गरज नाही. गोगलगायींनी जमीन गाठली ती बहुधा अशाच किनारी पूर्वजांच्या तयारीवर.