नळमार्गातील विक्षेपमर्यादा

आधारांवर आडवा टाकलेला नळ स्वतःचे वजन, आतील द्रव आणि उष्णतानिरोधक आवरण यांच्या भाराने दोन आधारांमध्ये खाली वाकतो. या वाकण्यास विक्षेप किंवा झोळ म्हणतात. तो कोठवर चालू द्यावयाचा याची अभिकल्पात ठरविलेली सीमा म्हणजे विक्षेपमर्यादा होय.

एल. ऑयलर व डॅनियल बेर्नुली यांनी अठराव्या शतकात तुळईच्या वाकण्याचे गणित मांडले. त्यानुसार समान भाराखाली विक्षेप हा आधारांमधील अंतराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. अंतर दुप्पट केल्यास तो सोळापट होतो. तथापि किती विक्षेप चालेल, हे या गणितातून मिळत नाही. ते नळाच्या कामावरून ठरते. वाफेचा नळ उतारावर बसवितात. झोळ उतारास भारी झाल्यास संघनित पाणी खोलगट भागात साचते, वेगवान वाफ ते पुढे रेटते आणि जलाघाताने जोड व झडपा फुटून कामगारांच्या जिवावर बेतते.

अमेरिकेत १९२६ मध्ये दाबनळांच्या संहितेचे काम हाती घेण्यात आले व पहिली आवृत्ती १९३५ मध्ये निघाली. तिच्या वीजकेंद्रविषयक भागातील तक्त्यात २·५ मिमी. (०·१ इंच) झोळ ग्राह्य धरला आहे. त्याप्रमाणे १०० मिमी. व्यासाच्या नळास पाण्यासाठी ४·३ मी., तर वाफेसाठी ५·२ मी. अंतरावर आधार सुचविले आहेत. हा तक्ता सु. ४००° से. पर्यंतच लागू पडतो. चंद्रपूर औष्णिक वीजकेंद्राचे २१० मेवॉ. क्षमतेचे पहिले दोन संच १९८३ व १९८४ मध्ये सुरू झाले (ते पुढे निवृत्त झाले). अशा संचांत मुख्य वाफेचे तापमान सु. ५४०° से. असते. तेथे मिश्रपोलादाचा दर मीटर नळ सु. ७ मिमी. लांबतो, म्हणून स्वतंत्र गणन करून कमानीसारखी वळणे व स्प्रिंगयुक्त टांगणी योजतात. हे उष्णीय विस्थापन झोळाच्या मर्यादेने मोजीत नाहीत. ए. आर. सी. मार्कल यांच्या शिणवट्याच्या प्रयोगांच्या आधारे १९५५ च्या आवृत्तीत त्यासाठी प्रतिबलाची व्याप्ती ही निराळी कसोटी आली. भारतात वाफेच्या नळांना भारतीय बाष्पित्र नियमावली (१९५०) लागू आहे.

जमिनीत पुरलेल्या लवचिक नळाचा विक्षेप वेगळा असतो. मातीच्या भाराने त्याचा गोल छेद चपटा होतो. आयोवा येथील एम. जी. स्पँगलर यांनी १९४१ मध्ये त्याचे सूत्र दिले. व्यासाच्या सु. २०% विक्षेपास नळाचा माथा आत वळतो, असे आढळल्यावरून चौपट सुरक्षितता धरून ५% मर्यादा रूढ झाली. सिमेंटच्या अस्तराचा पोलादी नळ त्याआधीच तडकत असल्याने त्यास ३%, तर आतबाहेर असा लेप असल्यास २% मर्यादा धरतात. चंद्रपूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. नळास बाजूंनी मिळणारा आधार त्यामुळे ढिला पडतो. म्हणून अशा जमिनीत चरात निवडक मुरूम भरून तो ठोकून बसविणे आवश्यक ठरते.

गडचिरोली जिल्ह्यात हेडरी ते कोनसरी असा सु. ८५ किमी. लांबीचा लोहखनिजवाहक नळमार्ग २०२५ मध्ये सुरू झाला. अशा मार्गात प्रवाह थांबताच घनकण उतारावरून घसरून सखल भागात साचतात. म्हणून तेथे मार्गाच्या चढउतारासही सीमा घालावी लागते. पोलाद तेच असले, तरी वाफ, पाणी व खनिज यांच्या नळांस एकच मर्यादा लावता येत नाही.