प्रतिज्ञेत देव कधी आला?

अमेरिकेतल्या शाळांत ध्वजासमोर जी प्रतिज्ञा म्हणतात, तिच्यातला देवाचा उल्लेख तिथल्या अनेक कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींना राष्ट्राचा मूळ वारसा वाटतो. आता मूळ मसुदा बघा. १८९२ साली तो लिहिला फ्रान्सिस बेलामीने. हा बाप्टिस्ट पाद्री, आणि वर समाजवादी! तरी त्याच्या मसुद्यात देव नाहीच. तो आला १४ जून १९५४ला, आयझेनहॉवरच्या सहीने. तेव्हा ‘नास्तिक’ सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू होतं.

मग हा वारसा सगळाच बनावट का? इतकी घाई नको. नाण्यांवर देव १८६४पासून आहे, म्हणजे यादवी युद्धापासून. संकट आलं की देवाला बोलावणं, ही सवय मात्र खरंच जुनी.

माझ्या पहिल्या प्रकरणात मी १९५४चा पाठ बेलामीचा म्हणून दिला होता. गाईडनी शेजारी फक्त साल लिहिलं, लाल शाईत.