माहेरचा कागद

लोणावळ्याहून सकाळची लोकल धरली, शिवाजीनगरला उतरलं, की पुणे विद्यापीठ जवळच. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. पण आपल्या मावळातल्या कातकरवाडीतल्या, ठाकरवाडीतल्या मुलीला ते एवढं लांब का पडतं, हे आज आपण बघू.

मुंबई सरकारनं १९२८ साली स्टार्ट साहेबांची समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा तिचे सभासद होते. समितीनं १९३० मध्ये अहवाल दिला. दलित-आदिवासी मुलांना वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या द्या, असं त्यात होतं. मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली, १९४८ मध्ये आदिवासींनाही लागू झाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघालं. म्हणजे पैसा होता, विद्यापीठ होतं. मग आपल्या मुली कुठं अडल्या?

आधी शाळेतच. दिवाळी झाली की कातकरी बिऱ्हाड वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला निघतं आणि शाळा अर्ध्यावर सुटते. त्यातूनही जी बारावी झाली, ती कागदापाशी अडली. अनुसूचित जमातींची यादी निघाली ६ सप्टेंबर १९५० ला. त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागतात. ज्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांच्या नातीनं काय दाखवायचं?

पडताळणी उगाच आली नाही, हेही सांगायला हवं. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा घेतल्या जात होत्या. म्हणून १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माधुरी पाटील खटल्यात पडताळणीची रीत घालून दिली, आणि २००१ पासून राज्याचा कायदा लागू झाला. कुंपण आपल्यासाठीच घातलं, पण फाटकाशी आपल्याच मुली ताटकळल्या.

मदतीची तऱ्हाही बदलत गेली. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ मध्ये स्वयम् योजना आली. पुण्यासारख्या शहरात जेवण, खोली आणि किरकोळ खर्चाला वर्षाचे ६० हजार रुपये खात्यावर जमा करायचं ठरलं. २०१८ मध्ये वसतिगृहातल्या जेवणाचेही पैसेच द्यायचं ठरलं, तेव्हा आदिवासी मुलं-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. पैसे उशिरा आले तर तोवर खायचं काय? चूल सांभाळणाऱ्या बाईला हा सवाल समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही फॉर्म भरायला बसतो तेव्हा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो. एक, वडिलांकडच्या रक्तनात्यात एकाला वैधता प्रमाणपत्र मिळालं, की भावंडांना, चुलत भावंडांनाही तो मोठा आधार होतो. म्हणून पहिल्या मुलीच्या कागदासाठी सगळ्या भावकीनं खपावं. दुसरी, लग्न झालं तरी बाईची जमात माहेरचीच धरतात. सासरी जाताना भांड्यांबरोबर माहेरच्या कागदांच्या नकलाही न्याव्यात.

दाखल्यासाठी वडगावला तहसीलात जावं लागतं, योजनांसाठी प्रकल्प कार्यालय तिकडे घोडेगावला. एकटीला हे झेपत नाही; दोघी-तिघींनी मिळून जावं, आणि बारावीच्या निकालाची वाट न बघता अकरावीलाच सुरुवात करावी.

आज घरी गेल्यावर पेटीचा तळ बघा. आजोबांच्या नावाचा एखादा पिवळा कागद निघाला, तर मावळचा पाऊस लागायच्या आत तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.