लीळाचरित्राचे कर्ते कोण?

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे महानुभावांचे आत्मतीर्थ. श्रीदत्तात्रेयप्रभू येथे नित्य माध्यान्हीचे भोजन घेतात, ही पंथाची श्रद्धा. गोदाकाठी येणारा उपासक मुख्यतः स्थान वंदायला येतो. अवतार जेथे बसले, जेवले, निजले, तेथे ओटा बांधायचा आणि तेथे घडलेले आठवायचे, ही रीत.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले. शिष्यमंडळी रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आली. हाती उरले ते स्मरण: नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे. ज्याने जे पाहिले, ऐकले ते म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्याकडून मिळवले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले.

वर्गात मात्र आम्ही सांगतो: 'मराठीतील आद्य गद्यग्रंथ, कर्ते म्हाइंभट.' एका गुणाचे उत्तर! ते चूक नाही, अपुरे आहे; आणि वर्षानुवर्षे ते आम्हीच शिकवत आलो.

पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. मग ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो पाठांतरातून. त्यांतील एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. आठवणी जुळेनात तेव्हा भिन्न कथन 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले गेले. कोणाचीही आठवण खोटी ठरवून पुसली नाही. वि. भि. कोलते यांच्या १९७८च्या संपादनाने अभ्यासकाला एकसंध संहिता दिली, हे ऋण मोठेच. पण एकसंधतेच्या सवयीने आम्ही वासनांना तळटीप समजू लागलो.

स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. केशोबासांना संस्कृतात रचना करायची होती. नागदेवाचार्यांनी नको म्हटले, माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून. आपण हा प्रसंग मराठीच्या अभिमानासाठी सांगतो. आम्हाला त्यात वेगळेच दिसते. या म्हाताऱ्या केवळ श्रोत्या नव्हत्या. आठवणींचे जतन करणाऱ्याही त्याच होत्या. भाषा त्यांच्या हातून गेली असती तर चुकलेले दुरुस्त कोणी केले असते?

गेल्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना १९७२च्या दुष्काळाची एकेक आठवण घरून लिहून आणायला सांगितली. एकीने एकाच विहिरीची हकीकत आणली. आजीच्या सांगण्यात विहीर आटली होती. चुलतआजीच्या सांगण्यात तिला रात्री पाझर फुटत असे. दोन्हींच्या मध्ये मुलीने लिहिले होते: 'वासना.' तपासताना हातात लाल पेन होते. आम्ही ते टोपण लावून ठेवले.