उतारा हवेचा की बेण्याचा?

उसाचा विषय निघाला की कोल्हापूर-सांगलीकडे निकाल आधीच लागलेला असतो: उत्तर प्रदेशात ऊस मुबलक, पण साखर भरते ती आमच्याच उसात, तिकडच्या थंडीत उसाला वाढायला सवड कुठे? हा पूर्वपक्ष निराधार नाही. २०१० च्या सुमाराला तिकडचा साखर उतारा नऊ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे शंभर किलो ऊस गाळला तर साखर नऊ किलो. आपल्याकडे अकराच्या पुढे. आकडा बरोबर आहे, पण त्याचं कारण आपण हवेवर ढकलून मोकळे झालो.

२०१८-१९ पर्यंत तिकडचा उताराही अकरा ओलांडून गेला. लखनौची थंडी काही त्या आठ-नऊ वर्षांत पळाली नव्हती. बदललं होतं बेणं. २००९ साली 'को ०२३८' ही जात प्रसारित झाली. ती तयार केली हरियाणातल्या कर्नालच्या ऊस संशोधन केंद्रात, डॉ. बक्षी राम यांनी. तिचा मातृवाण मात्र 'कोलख ८१०२'. त्यातलं 'लख' म्हणजे लखनौ, जिथे १९५२ पासून भारतीय ऊस संशोधन संस्था आहे. पुढे उत्तर प्रदेशातलं उसाचं ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्र या एकाच जातीखाली गेलं.

यावर हमखास येणारा आक्षेप: २०१६-१७ ला ते साखर उत्पादनात पुढे गेले ते आमच्या दुष्काळामुळे. खरं आहे. पण दुष्काळाने आपलं टनेज घटलं. त्यांचा उतारा त्याने कसा वाढेल? (इथेनॉलसाठी 'बी हेवी', म्हणजे बरीच साखर शिल्लक असलेली मळी वळवायला लागल्यापासून उताऱ्याची तुलनाच गढूळ झाली, म्हणून त्यापुढचे आकडे मी घेत नाही.)

उलट बाजूचा पुरावाही आहे. सगळा भार एकाच जातीवर पडल्यावर लाल कूज या बुरशीच्या रोगाला मोकळं रान मिळालं. उभे फड वाळले, आणि 'को ०२३८' मोडून दुसरं बेणं लावायची धावपळ तिकडे सुरू झाली. हवा तेव्हाही तीच होती.

आणि आपल्या रानात वर्षानुवर्षं उभा असलेला 'को ८६०३२'? पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने त्याची शिफारस केली, कारखान्यांनी तो गावोगाव पोहोचवला, आपण त्याला 'नीरा' असं घरचं नावही दिलं. त्यातला 'को' कोईमतूरचा.