८ एप्रिल १९५० : नेहरू-लियाकत करार
दिल्ली तेव्हा निर्वासितांनी भरलेली होती. फाळणी आणि काश्मीरच्या लढाईनंतर इथेच भारताचे पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा करार केला. समान नागरिकत्व, पळवलेल्या स्त्रियांची सुटका, सक्तीचं धर्मांतर अमान्य. सीमा ओलांडताना सोबत दागिने नेता येत. रोख मात्र प्रौढाला १५० रुपये, मुलाला ७५. पोलंडच्या १९१९ च्या अल्पसंख्याक करारामागे निदान राष्ट्रसंघ होता. इथे सगळी भिस्त दोन सरकारांच्या शब्दावर. हा करार न पटल्याने श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पाकिस्तानातल्या पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे पुढेही येतच राहिले.